हिचं गोंदण कुठं गेलं? जुने फोटो दुरुस्त करणारी मॉडेल्स नेमकं काय करतात

आमच्या घरात आजीच्या आईचा एकच फोटो आहे. १९४० च्या आसपासचा, स्टुडिओत काढलेला, साधारण पोस्टकार्डाएवढा. पणजी खुर्चीवर बसलेली, डोईवर पदर, आणि मांडीवर दीड वर्षाची माझी आजी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा धान्य, गाद्या, कागदपत्रं वर नेण्याच्या गडबडीत भिंतीवरची ही फ्रेम राहून गेली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर फोटोचा खालचा डावा कोपरा काचेला चिकटलेला, सगळीकडे बुरशीचे ठिपके, आणि खांद्यापासून हनुवटीपर्यंत आधीपासून असलेली घडी आता चांगलीच तडकलेली.

पुढे मी पीएचडीला नाव नोंदवलं, विषय इमेज प्रोसेसिंग. साहजिकच घरच्यांनी म्हटलं, "मग तो फोटो नीट करून दे की." मी काचेसकट फोटो स्कॅन केला, चेहरे सुधारणारं एक फुकट मॉडेल उतरवून घेतलं आणि चालवलं. मिनिटभरात फोटो तयार. डोळे पाणीदार, गाल नितळ, पापण्यांचे केस मोजता येतील इतके स्पष्ट. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. मग मी मोबाइल आजीच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कोण गं ही? देखणी हाय. पण ही आमची आई न्हवं. हिचं गोंदण कुठं गेलं?"

पणजीच्या कपाळावर गोंदणाचे दोन ठिपके होते, हनुवटीवर तीन. बुरशीचे डाग काढता काढता मॉडेलने ते पाचही पुसून टाकले होते. मला ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मी चेहरा किती शार्प आला यावरच खूश होते.

आजीच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे शिकले, ते इथे मांडतेय. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर विषय कुठलाही असो, यातलं बरंचसं तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी बघा, नेमकं बिघडलंय काय

कृष्णधवल फोटो म्हणजे कागद, त्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. जिथे चांदी दाट तिथे काळं, जिथे विरळ तिथे पांढरं. आपण ज्याला 'चित्र' म्हणतो ती ही चांदी.

आता बिघाड कसे होतात बघा. डेव्हलप केल्यावर हायपो नीट धुतला गेला नाही, तर उरलेलं गंधक हळूहळू चांदीवर काम करतं आणि फोटो पिवळट-तपकिरी होत फिका पडतो. जिलेटिन हे प्रथिन, म्हणजे बुरशीचं आवडतं खाद्य, आणि पावसाळ्यात आपल्याकडे बुरशीला काही कमी नसतं. ओलं झालं की जिलेटिन फुगतं आणि वाळताना काचेला घट्ट चिकटतं. घडी पडली की तो थर तडकतो आणि तिथली चांदी चक्क गळून जाते. रंगीत फोटोंची गोष्ट वेगळी: तिथे चांदीऐवजी रंगद्रव्यं असतात. १९७०-८० च्या दशकांतले बरेच प्रिंट आज लालसर दिसतात, कारण त्यातलं निळसर म्हणजे सायन रंगद्रव्य बाकीच्यांच्या आधी उडालं.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'खराब झालेला फोटो' हा एक प्रश्न नाही. फोटो फिका पडला असेल, तर माहिती क्षीण झालेली असते पण शिल्लक असते. तडा गेला असेल, तर तिथली माहिती गेलेलीच असते. पहिल्या ठिकाणी आपण माहिती उजळवतो, दुसऱ्या ठिकाणी अंदाज बांधतो. ही दोन्ही कामं एकच बटण दाबून होतात, म्हणून ती आपल्याला एकच वाटतात. माझी पहिली चूक हीच होती.

कडेकडून आत: जुन्या पद्धती

संगणकाने फोटोतली रिकामी जागा भरण्याला 'इनपेंटिंग' म्हणतात. हा शब्द चित्रं दुरुस्त करणाऱ्या संग्रहालयातल्या कारागिरांचा. बेर्तालमिओ, सापिरो, कासेयेस आणि बायेस्तेर यांनी २००० साली सिग्राफ परिषदेत मांडलेल्या शोधनिबंधामुळे तो आपल्या क्षेत्रात रुळला. कल्पना सोपी आहे. भेगेच्या कडेला जे रंग आणि ज्या रेषा येऊन थांबतात, त्या त्याच दिशेने हळूहळू आत वाढवत न्यायच्या. पदराचा काठ भेगेपाशी तुटला असेल, तर दोन्ही बाजूंनी तो पुढे सरकतो आणि मधे जुळतो.

अरुंद ओरखड्याला आणि बारीक घडीला हे छान चालतं. पण भोक मोठं असेल, तर आत नुसता धूसर लगदा तयार होतो. त्यावर उपाय म्हणून क्रिमिनिसी, पेरेझ आणि तोयामा यांची पद्धत आली, २००४ च्या सुमारास. ती फोटोतच दुसरीकडे बघते: या कडेशी जुळणारा तुकडा कुठे आहे? सापडला की तो उचलून इथे डकवायचा. साडीचं टेक्स्चर, स्टुडिओचा पडदा, गालिचा अशा ठिकाणी ही पद्धत कमाल करते. मात्र गेलेला डोळा ती देऊ शकत नाही, कारण तिला माहीत असलेलं जग म्हणजे तो एकच फोटो.

या पद्धतींचा एक गुण मला फार उशिरा कळला. त्या अडतात तेव्हा आपल्याला ते दिसतं. लगदा दिसला की समजतं, इथे माहिती नव्हती.

शिकलेली मॉडेल्स आणि बनावट डाग

डीप लर्निंगमध्ये मॉडेलला शिकवायचं तर जोड्या लागतात: खराब फोटो आणि त्याचाच चांगला फोटो. इथेच घोडं अडतं. १९४० चा फोटो खराब होण्यापूर्वी कसा दिसत होता, ते कोणाकडे असणार? मग सगळे एकच युक्ती करतात. आजचा चांगला फोटो घ्यायचा, त्यावर कृत्रिम ओरखडे, ठिपके, धूसरपणा घालायचा, आणि मॉडेलला सांगायचं की हे उलट करून दाखव.

यातली गोम लक्षात आली का? मॉडेल शिकतं ते आपण घातलेले डाग काढायला. खरी बुरशी, खरा गाळ, खरी तडकलेली घडी तशी दिसत नाही. या दरीला 'डोमेन गॅप' म्हणतात. २०२० च्या सीव्हीपीआर परिषदेत हाँगकाँगची सिटी युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट इथल्या संशोधकांनी या दरीवरच काम केलं. खरे जुने फोटो आणि कृत्रिमरीत्या खराब केलेले फोटो, दोन्हींचं सांकेतिक रूप त्यांनी एकाच जागेत एकमेकांजवळ आणलं. तिथून चांगल्या फोटोंच्या जागेत जाण्याचा रस्ता कृत्रिम जोड्यांवर शिकवला. दोन्ही शेजारी असल्यामुळे खऱ्या फोटोंनाही तोच रस्ता लागू पडतो. शिवाय एकूण फोटोवर पसरलेला फिकेपणा आणि ठरावीक जागी असलेला ओरखडा यांच्यासाठी त्यांनी दोन वेगवेगळ्या वाटा ठेवल्या. वर मी दोन प्रश्न वेगळे करायला सांगितले होते, तेच इथे रचनेत उतरलेलं दिसतं. हा निबंध जरूर वाचा. 'प्रश्न कसा मांडावा' याचा तो चांगला नमुना आहे.

चेहऱ्याची गोष्ट वेगळी

चेहऱ्याला आपली नजर सरावलेली असते, तिथे जरासं चुकलं तरी खटकतं. म्हणून चेहऱ्यासाठी वेगळी मॉडेल्स बनली. २०२१ चं जीएफपीगॅन घ्या. आधीच चेहरे बनवायला शिकलेलं एक मोठं मॉडेल आत बसवून ते त्याच्या 'अनुभवाच्या' मदतीने धूसर चेहरा भरतं. हा अनुभव कुठला? एफएफएचक्यू नावाच्या डेटासेटचा: फ्लिकर या साइटवरून गोळा केलेले ७०,००० चेहरे. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळातले, इंटरनेटवर स्वतः टाकलेले. सांगली भागातल्या, १९४० च्या सुमारच्या, कपाळावर गोंदण असलेल्या बाया त्यात किती असतील, तुम्हीच विचार करा.

धोका किती मोठा आहे ते २०२० मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. ड्यूक विद्यापीठातलं 'पल्स' नावाचं मॉडेल १६ × १६ पिक्सेलच्या चित्रातून १०२४ × १०२४ चा चेहरा बनवायचं. गणित करा: २५६ पिक्सेलमधून १०,४८,५७६, म्हणजे एका पिक्सेलमागे ४,०९६. कोणीतरी त्याला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला आणि बाहेर आला एक गोरा माणूस. मॉडेल बिघडलेलं नव्हतं. तो गोरा चेहरा धूसर केला तर खरंच तसंच चित्र मिळतं. पण त्या २५६ पिक्सेलशी जुळणारे असंख्य चेहरे आहेत आणि मॉडेलने त्यातला आपल्या ओळखीचा निवडला. एका प्रश्नाची अनेक उत्तरं बरोबर ठरत असतील, तर गणितात अशा प्रश्नाला 'इल-पोज्ड' म्हणतात. फोटोदुरुस्ती मुळातच इल-पोज्ड आहे, हे वाक्य मी शंभरदा वाचलं होतं. ते कळलं मात्र आजीने विचारल्यावर.

गोंदण का गेलं: एक छोटं गणित

समजा हनुवटीवरच्या एका ठिपक्याच्या जागी काय आहे याची मॉडेलला खात्री नाही. गोंदण असेल तर तिथल्या पिक्सेलचं मूल्य ९०, साधी त्वचा असेल तर १५०. शक्यता निम्मी-निम्मी धरू.

मॉडेलला आपण 'सरासरी वर्गत्रुटी कमी ठेव' असं सांगितलंय. ते १५० म्हणालं, तर निम्म्या वेळा त्रुटी शून्य आणि निम्म्या वेळा ६० चा वर्ग, ३६००. सरासरी १८००. ते १२० म्हणालं, तर त्रुटी दर वेळी ३० चा वर्ग, म्हणजे ९००. म्हणून ते १२० सांगतं: ना गोंदण, ना त्वचा, नुसता धूसर डाग. त्रुटी मोजणारी मॉडेल्स गुळगुळीत, धूसर चित्रं का देतात, ते यात आलं.

मग लोक म्हणाले, धूसर नको, खरं वाटेल असं हवं. आता मॉडेलला ९० किंवा १५० यातलं एक निवडावं लागतं. त्याने पाहिलेल्या चेहऱ्यांत गोंदण जवळजवळ नाहीच, त्यामुळे शक्यता निम्मी-निम्मी राहत नाही. ते १५० सांगतं, तेही ठामपणे. गोंदण गेलं आणि डागही उरला नाही. २०१८ मध्ये ब्लाऊ आणि मिखाएली यांनी ही ओढाताण सिद्धच करून दाखवली: एका मर्यादेनंतर चित्र मूळच्या जवळ ठेवणं आणि ते खरं वाटेल असं करणं, यातलं एक वाढवलं की दुसरं घटतं. २०२२ च्या कोडफॉर्मर या मॉडेलमध्ये तर ० ते १ असा आकडाच दिलाय. कमी ठेवला तर चेहरा देखणा, जास्त ठेवला तर मूळच्या जवळचा. तो किती ठेवायचा हे गणित सांगत नाही, ते तुम्हाला ठरवावं लागतं.

आता मेट्रिककडे या. साडेतीन बाय साडेपाच इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की २१०० × ३३००, म्हणजे ६९,३०,००० पिक्सेल होतात. गोंदणाचा एक ठिपका १२ × १२ पिक्सेलचा धरला, तर पाच ठिपक्यांचे मिळून ७२०. एकूण फोटोच्या ०.०१ टक्के! बाकी सगळा फोटो तंतोतंत बरोबर आणि फक्त हे पाच ठिपके पुसलेले, असं धरून मी पीएसएनआर काढला. तो आला ५२ डेसिबलच्या वर. एवढा आकडा पेपरमध्ये दिसला तर रिव्ह्यूअर खूश होईल. आजीचा सगळा आक्षेप त्या ०.०१ टक्क्यात होता.

माझ्या गाईड मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग तू नक्की काय मोजतेयस?" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमचं मेट्रिक कोणाच्या नजरेने बघतं आणि कोणाची नजर त्यात बसतच नाही, हे पहिल्याच वर्षी तपासा.

मग मी काय केलं

मी आजीला लॅपटॉपसमोर बसवलं आणि फोटो मोठा करून एकेका ठिपक्यावर बोट ठेवत विचारत गेले. "हे गोंदण." "हा डाग." "ह्ये काय ते मला न्हाई आठवत." त्यातून तीन प्रकारचे मास्क तयार झाले: नक्की बिघाड, नक्की मूळचं, आणि सांगता येत नाही. कपाळावरचा ठळक काळा ठिपका मला बुरशीचा वाटत होता, ते कुंकू निघालं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे कुंकू काळं उमटायचं. उलट निळा-हिरवा तिला चांगला दिसे, म्हणून हिरवट गोंदण फिकं यायचं. फिके, अस्पष्ट ठिपके म्हणजे मॉडेलच्या दृष्टीने डागच.

पहिल्या प्रकारच्या जागाच फक्त दुरुस्त केल्या. घडीसाठी साधी, कडेकडून भरणारी पद्धत पुरली. पडदा आणि साडीसाठी तुकडे जुळवणारी. चेहऱ्यावर शिकलेलं मॉडेल वापरलंच नाही. तिसऱ्या प्रकारच्या जागा तशाच सोडल्या.

यात नवीन काही नाही. रोममधल्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात 'ट्रॅतेज्जो' नावाची पद्धत रुजली. भित्तिचित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरायचा. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की कळतं, इथे मूळ नाही, भरलेलं आहे. इनपेंटिंग हा शब्द आपण संग्रहालयाकडून घेतला. त्यातला हा प्रामाणिकपणा मात्र तिथेच राहिला.

तो राहिला की काय होतं, त्याचं एक उदाहरण. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हाइस या माध्यमसंस्थेने कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे रंगीत केलेले फोटो छापले. ख्मेर रूजच्या काळात मारल्या गेलेल्या माणसांचे हे फोटो. त्यातल्या काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेलं हसू होतं. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आणि नातेवाइकांनी आक्षेप घेतल्यावर ते काढावे लागले. फोटो हा पुरावाही असतो, हे अशा वेळी आठवतं.

आमच्या फोटोत शेवटी खालचा डावा कोपरा उरला. तिथे लहानग्या आजीचे पाय होते. काका म्हणाले, "पाय पण काढून दे की, मॉडेल देतंय ना?" मॉडेल देत होतं, छान गुबगुबीत पाय. पण ते कोणाचे? आजी म्हणाली, "वाळं होतं पायात, आई सांगायची." मी कोपरा सपाट करड्या रंगाचा ठेवला, आणि प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहिलं: हा कोपरा पुरात गेला, आजी सांगते, पायांत वाळे होते. काकांना ते अजून पटलेलं नाही. त्यांच्या मोबाइलवर पहिलाच, नितळ गालांचा फोटो आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

१. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. सुटा असेल तर निदान ६०० डीपीआय आणि टिफ फॉरमॅट. घडी असेल तर फोटो १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घ्या. स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने येतो, त्यामुळे घडीची सावली दोन स्कॅनमध्ये उलट पडते आणि खरा तडा कुठला ते कळतं.

२. आधी बेसलाइन. ओपनसीव्हीमध्ये इनपेंटिंगच्या दोन जुन्या पद्धती तयार आहेत, दोन-चार ओळींत चालतात. त्या कुठे अडतात ते बघा, मगच मोठ्या मॉडेलकडे जा.

३. स्वतःचा छोटा चाचणीसंच करा. नातेवाइकांकडचे वीस फोटो, त्यांची परवानगी घेऊन. मास्क हाताने काढा आणि काढताना फोटोतल्या माणसांना ओळखणारं कोणीतरी शेजारी बसवा.

४. संपूर्ण फोटोचा एकच आकडा देऊ नका. चेहरा, ओळखीच्या खुणा, कापड, पार्श्वभूमी असे वेगवेगळे द्या.

५. दुरुस्त फोटोबरोबर कुठले पिक्सेल मूळचे आणि कुठले भरलेले, हे दाखवणारी दुसरी फाइल नेहमी ठेवा. मॉडेलची आवृत्ती आणि सेटिंग त्यातच लिहा. सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच आठवत नाही, अनुभवाने सांगते.

६. मूळ स्कॅन कधीही ओव्हरराइट करू नका. उद्या यापेक्षा चांगली पद्धत येईल, तेव्हा सुरुवात तिथूनच करायची आहे.

आणि एक. ज्यांना विचारता येईल अशी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्या. मॉडेल पुढच्या वर्षीही मिळेल.